गळतं कुठून आणि लावावं काय : दुचाकीचं इंजिन, आटे आणि सीलंट



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन-तीन जणांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा आणि ऑइल गळतीचा संबंध काय?" प्रश्न बरोबर आहे. आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन आणि तर्कशास्त्र शिकवलं. न्यायदर्शनात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. मोटारसायकलखाली तेलाचा डाग दिसतो, म्हणून इंजिन गळतं आहे, हेही अनुमानच. फरक एवढाच, की डोंगरावरचं अनुमान चुकलं तर विद्यार्थ्याचे दोन गुण जातात. इंजिनाखालचं चुकलं तर इंजिन जातं, आणि कधीकधी माणूसही जातो.

पनवेलमध्ये हे सांगायला वेगळं कारण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे पुण्याकडे जाणारा प्रत्येक दुचाकीवाला जुन्या रस्त्याने, खोपोलीवरून बोरघाट चढतो. गोव्याच्या रस्त्याची सुरुवात तर आपल्या पळस्प्यालाच होते. तळोजा एमआयडीसीत पाळीला जाणारे आहेत, उरण-जेएनपीटीकडे जाणारे आहेत, घरोघरी पार्सल पोचवणारी मुलं आहेत. या सगळ्यांचं पोट दोन चाकांवर चालतं. इंजिनाच्या खालून निघालेलं तेल वाऱ्याने मागे उडतं आणि मागच्या टायरवर बसतं. जुलैच्या पावसात, उतारावर, वळणावर ते काय करतं हे वेगळं सांगायला नको. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत तेल असतं जेमतेम लिटरभर. त्यातलं दोन-तीनशे मिलिलिटर गळून गेलं आणि लक्षात आलं नाही, तर घाटात इंजिन जाम होतं. आणि पार्किंगमधलं तेल पावसाबरोबर गटारात, गटारातून गाढी नदीत आणि पुढे खाडीत जातं. म्हणून हा विषय.

आधी शोधा, मग लावा

गाडी गळायला लागली की आपला पहिला प्रश्न असतो, "काय लावू?" आमचं म्हणणं असं, की हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तेल येतं कुठून? दुसरा, त्या जागी तेल अडवण्याचं काम मुळात कोणाचं होतं? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर "काय लावू" याचं उत्तर पुष्कळदा "काहीच नको" असं येतं.

तेल जिथे दिसतं तिथून ते आलेलं असेलच असं नाही. वरच्या टॅपेट कव्हरच्या रिंगमधून निघालेलं तेल फिन्सवरून ओघळत खाली ड्रेन बोल्टच्या टोकाला येऊन थेंब धरतं. बघणारा म्हणतो, बोल्ट गळतोय. चेनला मारलेला स्प्रे पुढच्या स्प्रॉकेटभोवती उडून काळा चिकटा करतो. बघणारा म्हणतो, शाफ्टचं ऑइल सील गेलं. इंजिनाचं तेल, फोर्कचं तेल, चेनचं तेल आणि कार्ब्युरेटरमधून पाझरलेलं पेट्रोल, सगळं धुळीत मिसळलं की सारखंच दिसतं.

नैयायिकांनी इथे एक फार उपयोगी शब्द दिला आहे, उपाधी. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. कारण धुरासाठी ओलं सरपण लागतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, अनुमानात लपून बसलेली अट. "बोल्टला तेल आहे म्हणून बोल्ट गळतो" यातही अशीच अट लपलेली आहे: वरून काही ओघळत नसेल तर. ती अट तपासली नाही, की अनुमान घसरतं.

ती तपासायची रीत जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहे. इंजिन डिग्रीजर लावून स्वच्छ धुवा, कोरडं करा. संशयाच्या जागेवर आणि तिच्या वरच्या भागावर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी चार-पाच किलोमीटर चालवा, उभी करा, आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ उमटते. त्या रेघेचं सर्वांत वरचं टोक म्हणजे उगम. दहा रुपयांची पावडर हजार रुपयांचं काम वाचवते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून पाझरायला लागलं, तर आट्यांना दोष देऊ नका. ब्रीदरची नळी बघा. पिस्टनच्या हालचालीमुळे आणि रिंगांमधून निसटणाऱ्या वायूमुळे क्रँककेसमध्ये दाब तयार होतो. तो बाहेर जायला ब्रीदर असतो. तो चिखलाने किंवा मुडपून बंद झाला, तर दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. तेल प्रमाणापेक्षा जास्त भरलं तरी हाच प्रकार होतो. यावर जगातलं कुठलंही सीलंट उपाय नाही. नळी साफ करणं हाच उपाय.

आट्याचं काम काय?

आता दुसरा प्रश्न. तेल अडवण्याचं काम कोणाचं?

आपली समजूत अशी, की बोल्ट घट्ट बसला म्हणजे आट्यांनी तेल अडवलं. तसं नसतं. बोल्ट फिरवून आत जावा यासाठी त्याच्या आणि भोकाच्या आट्यांमध्ये मुद्दाम थोडी जागा ठेवलेली असते. बोल्ट आवळला की आट्याची एक बाजू समोरच्या आट्यावर दाबली जाते. दुसऱ्या बाजूला आणि आट्याच्या टोकाशी बारीक फट राहतेच. म्हणजे आतून बाहेरपर्यंत गोल जिन्यासारखी एक वाट तयार असते. बारा मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टचा विचार करा. एका फेऱ्याची लांबी साधारण पस्तीस मिलिमीटर. आठ फेरे धरले, तर ही वाट अठ्ठावीस सेंटिमीटर लांब झाली. लांब आहे, अरुंद आहे, पण उघडी आहे. गरम तेल पातळ होतं आणि सावकाश ती वाट चालून येतं.

मग तेल अडतं कशाने? बोल्टच्या डोक्याखालच्या वॉशरने. आट्याचं काम ओढून धरण्याचं. अडवण्याचं काम वॉशरचं. वॉशर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा, म्हणजे मुद्दाम मऊ धातूचा असतो. बोल्ट आवळला की तो दबतो आणि दोन्ही बाजूंच्या बारीक ओरखड्यांत भरून बसतो. एकदा दबून कडक झालेला वॉशर दुसऱ्यांदा तसा भरत नाही. म्हणून दर वेळी तेल बदलताना वॉशर नवा घालायचा. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करता येतो, पण तेवढा खटाटोप नव्या वॉशरच्या किमतीसाठी कोण करणार?

आता आपल्या गल्लीतली नेहमीची गोष्ट बघा. पार्सल पोचवणारा एक मुलगा. तेल बदललं, वॉशर जुनाच ठेवला. थोडं पाझरायला लागलं. गॅरेजमध्ये बोल्ट आणखी आवळला. पुढच्या वेळी आणखी. बोल्ट पोलादाचा, क्रँककेस अॅल्युमिनियमची. या भांडणात कोण हरणार हे ठरलेलं. एके दिवशी बोल्टबरोबर क्रँककेसचे आटे गोळा होऊन हातात आले. मग भोक मोठं करून नवे आटे पाडून हेलीकॉइल बसवणं, नाहीतर लेथवाल्याकडून बुश घालून घेणं. दोन दिवस गाडी बंद, म्हणजे दोन दिवसांची कमाई बंद. सुरुवात झाली होती वॉशरपासून.

शंभर सीसीच्या गाड्यांत हा बोल्ट साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरला आवळतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळावा. व्यवहारात याचा अर्थ काय? पंचवीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर, म्हणजे झाले २५ न्यूटन-मीटर. पान्यावर पाइप घालून उभं राहण्याचं हे काम नाही.

मग सीलंट लागतं कुठे?

तीन ठिकाणी. ही तीन नीट ओळखता आली, तर निम्मा विषय संपला.

पहिलं ठिकाण, उतरते आटे. साध्या बोल्टचे आटे वरपासून खालपर्यंत एकाच व्यासाचे असतात. पण पाइपांचे काही आटे टोकाकडे निमुळते होत जातात. दर सोळा भाग लांबीला एक भाग व्यास कमी होतो. असा आटा पाचरीसारखा बसतो, तिथे वॉशर नसतो. दुचाकीत याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे ऑइल प्रेशर स्विच, ज्या इंजिनांत तो असतो त्यांत बहुधा. पाचर बसली तरी आट्याच्या टोकाशी जिन्याची वाट शिल्लक राहतेच. ती बुजवायला सीलंट हवंच. आणि पाचर आहे म्हणून इथे जोर जपून लावायचा, नाहीतर अॅल्युमिनियमचा डोळा तडकतो.

दुसरं ठिकाण, आरपार भोकं. काही बोल्ट किंवा स्टड अशा भोकात बसतात, ज्याचं आतलं टोक थेट तेलाच्या पोकळीत उघडतं. तेल आट्यावरून चढत बोल्टच्या डोक्याखाली येतं. तिथे तेल अडवणारा वॉशर दिलेला नसेल, तर आट्याला सीलंट लावावं. याउलट ज्या भोकाला तळ आहे, म्हणजे बंद भोक, तिथे तेल येतच नाही. तिथे सीलंट भरून ठेवलं तर ते बोल्टखाली कोंडतं. द्रव दाबला जात नाही, मग दाब भिंतींवर येतो आणि भिडं फुटू शकतं. बंद भोकात साचलेलं तेलही याच कारणासाठी आधी काढून टाकायचं असतं.

तिसरं ठिकाण, जिथे कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. तिथे आपण वाद घालायचा नाही. शब्दप्रमाण हेही प्रमाणच आहे, बोलणारा जाणकार असेल तर.

कशात काय आहे?

आता तिसरा प्रश्न, काय लावावं. हार्डवेअरच्या दुकानात गेलं तर सहा वस्तू समोर येतात. एकेक पाहू.

सफेदा आणि सूत. नळवाल्यांची जुनी पद्धत. पाण्याच्या लोखंडी पाइपाला चालली. इंजिनात नको. सुताचे तंतू तेलात सुटतात.

शेलॅक. जुन्या बुलेटच्या मिस्त्रींकडे ही बाटली हमखास असे. शेलॅक म्हणजे आपली लाख, किड्यापासून मिळणारी. लाक्षागृहातली तीच. स्पिरिटमध्ये विरघळवून गॅसकेटला फासतात. सुकल्यावर कडक होते, आणि कडक म्हणजे ठिसूळ. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली. तिच्या जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाबद्दल विनोदच होता, की खाली तेल दिसलं नाही तर समजावं, तेल संपलं. त्या काळात शेलॅकने निभावलं. आज तिच्यापेक्षा चांगल्या वस्तू आहेत. आणि जुनी बुलेट बाळगणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. तिच्यात इंग्रजी मापाचे आटे आहेत. त्या आट्यांचा कोन पुष्कळदा ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने बसवला, तर दोन्ही आटे जातात. मग सीलंटची चर्चाच उरत नाही.

टेफलॉन टेप. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत वायूच्या सिलिंडरमध्ये अनपेक्षितपणे एक पांढरी पूड सापडली, ती ही. टेप सुकत नाही, चिकटत नाही, फक्त फट भरते. नळाला उत्तम. इंजिनात धोका असा, की बोल्ट बसवताना टेपचे तुकडे कापले जातात आणि आत पडतात. ऑइलची वाट काही ठिकाणी एखाद-दोन मिलिमीटरची असते. एक तुकडा तिथे अडकला, की वरच्या कॅमशाफ्टला तेल मिळत नाही. शिवाय टेप निसरडी, त्यामुळे पान्याला बोल्ट हलका लागतो आणि आपण गरजेपेक्षा जास्त आवळतो. प्रेशर स्विचला अर्थिंग आट्यातूनच मिळतं, जाड टेपमुळे कधीकधी तेही तुटतं. दुसरं काही हाताशी नसेल आणि टेप लावावीच लागली, तर टोकाचे दोन आटे मोकळे सोडून, आवळण्याच्या दिशेने एक-दोन वेढेच.

सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधला गॅसकेट मेकर. हवेतल्या दमटपणाने हा सुकतो. दोन सपाट भागांच्या सांध्यावर, जिथे पुस्तकात सांगितलं आहे तिथे, तो चांगला. आट्यात मात्र खोलवर दमट हवा पोचत नाही, म्हणून आतला भाग ओलाच राहतो. आणि हात सैल असलेल्याने जास्त लावला, तर आतल्या बाजूला निघालेला गोळा तुटून तेलात पडतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. पेट्रोल लागणाऱ्या जागी तर साधा सिलिकॉन फुगून सुटतो.

इपॉक्सी लांबी, जिला आपण सरसकट एम-सील म्हणतो. टाकीला, पाइपाला, तुटक्या भांड्याला ठीक. ड्रेन बोल्टवर बाहेरून थापणारे लोक आम्ही पाहिले आहेत. जो बोल्ट दर काही हजार किलोमीटरला उघडायचा आहे, त्याला कायमचं बंद करणं, याला काय म्हणावं?

अॅनारोबिक सीलंट. ही खरी आट्यासाठी बनलेली वस्तू. व्हर्नन क्रिबल हे अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९५३ च्या सुमारास ती व्यवहारात आणली आणि तिचं नाव पुढे लॉकटाइट पडलं. आज ही कंपनी हेंकेलकडे आहे. इतर कंपन्यांचीही अशी सीलंट बाजारात मिळतात. गंमत अशी, की सिलिकॉनला सुकायला हवा लागते, आणि याला हवा चालत नाही. बाटलीत हवेतला ऑक्सिजन असतो, म्हणून हे द्रव राहतं. बाटली मुद्दाम काठोकाठ भरलेली नसते, त्याचं कारण हेच. आट्यांच्या फटीत शिरल्यावर हवा मिळेनाशी होते, धातूचा स्पर्श होतो, आणि मग ते घट्ट होऊन सगळी वाट भरून टाकतं. जे बाहेर उरलं ते ओलंच राहतं. कापडाने पुसता येतं. आत पडलेला थेंब तेलात मिसळून जातो, गोळा होऊन जाळीवर बसत नाही. इंजिनासाठी हा गुण मोठा आहे.

पण यातही दोन जाती आहेत आणि दुकानात त्यांची गल्लत होते. एक थ्रेडलॉकर, बोल्ट कंपनाने सैल होऊ नये म्हणून. दुसरी थ्रेड सीलंट, गळू नये म्हणून. थ्रेडलॉकरमध्ये निळा म्हणजे मध्यम ताकदीचा, साध्या पान्याने उघडणारा. लाल म्हणजे जबर ताकदीचा. तो उघडायला सांधा दोन-अडीचशे अंशांपर्यंत तापवावा लागतो. रंगांची ही पद्धत सर्वसाधारण आहे, प्रत्येक कंपनी ती तशीच पाळेल असं नाही, म्हणून लेबल वाचावं. लहान बोल्टवर मध्यम थ्रेडलॉकर गळतीही थांबवतो, कारण वाट भरतोच. प्रेशर स्विचसारख्या निमुळत्या आट्याला मात्र पाइप आट्यांसाठीचं, कमी ताकदीचं, पेस्टसारखं थ्रेड सीलंट घ्यावं. ड्रेन बोल्टला लाल कधीही नको. खरं तर ड्रेन बोल्टला कुठलंच नको. तिथे वॉशर आहे.

निवडताना चार प्रश्न

वहीत लिहून घ्यायचं असेल तर एवढंच घ्या.

एक, इथे तेल अडवायला वॉशर किंवा ओ-रिंग आहे का? असेल तर ती बदला, सीलंट नको.

दोन, हा सांधा पुन्हा कधी उघडायचा आहे? वारंवार उघडायचा असेल तर कमी ताकदीचं, क्वचित उघडायचा असेल तर मध्यम.

तीन, किती तापतं आणि कशाचा स्पर्श होतो? तेल शंभर अंशांच्या पुढे जातं, हेडजवळ त्याहून जास्त. बहुतेक अॅनारोबिक दीडशे अंशांपर्यंत टिकतात. लेबलवर आकडा असतो. प्लास्टिकला मात्र हे लावायचं नाही, काही प्लास्टिक त्याने तडकतात.

चार, जास्तीचं लागलं तर ते कुठे जाईल? हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि इंजिनं यामुळेच जातात.

लावण्याची रीतही थोडक्यात. बोल्टचे आणि भोकाचे आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत. रॉकेलच्या फडक्याने पुसलं तर तेलकट पापुद्रा राहतो, म्हणून शेवटचा हात ब्रेक क्लीनर किंवा अॅसिटोनचा. टोकाचे एक-दोन आटे मोकळे सोडून पुढच्या आट्यांवर थेंबभर फिरवा. पुस्तिकेतल्या जोराने आवळा. बसवल्यावर "जरा नीट दिसावं" म्हणून उलटा फिरवू नका, पकडायला लागलेलं सीलंट त्याने तुटतं. लोखंडावर आणि पितळेवर ते लवकर पकडतं. अॅल्युमिनियम, स्टेनलेस आणि जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टवर सावकाश. पूर्ण ताकद यायला साधारण चोवीस तास धरा. रात्री लावा, सकाळी इंजिन सुरू करा.

कुंभाराचं गाढव

शेवटी एक मुद्दा आमच्या विषयातला, पण तुमच्या उपयोगाचा.

नव्यन्यायात कारण कशाला म्हणावं याची चर्चा करताना कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण येतं. मडकं होण्याआधी माती आली, आणि माती गाढवावरून आली. मग गाढव मडक्याचं कारण का? नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी मडकं झालंच असतं. जे आधी हजर होतं, पण ज्याच्यावाचून काम अडलं नसतं, त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशात ज्यांना हवं त्यांनी तो शब्द काढून पाहावा.

गॅरेजमध्ये रोज काय होतं? बोल्ट काढला, साफ केला, नवा वॉशर घातला, वर सीलंट फासलं, योग्य जोराने आवळला. गळती थांबली. गिऱ्हाईक घरी जाऊन सांगतं, "अमुक ट्यूब लावली आणि गळती थांबली." पुढच्या वेळी जुन्याच वॉशरवर नुसती ट्यूब लावतो. पंधरा दिवसांत पुन्हा थेंब. ट्यूब ही त्या ठिकाणी कुंभाराचं गाढव होती. हे कळायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट बदला. ती असताना काम होतं का, आणि ती नसताना होत नाही का, दोन्ही बघा. यालाच आम्ही वर्गात अन्वय-व्यतिरेक म्हणून शिकवत होतो. वर्गात मुलं जांभया देत. पार्किंगमध्ये तोच नियम हजार रुपये वाचवतो.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, ड्रेन बोल्टचे आटे थोडे घसरलेत. टेफलॉन टेपचे पाच-सहा वेढे मारून चालवलं तर?

थोडे दिवस चालेल, आणि म्हणूनच धोका आहे. टेप जागा भरते, पकड देत नाही. बोल्टला धरून ठेवणारा धातूच उरलेला नाही. धक्क्याने बोल्ट सुटला तर सगळं तेल एका मिनिटात रस्त्यावर आणि तुमच्याच मागच्या चाकाखाली. हेलीकॉइल बसवून घ्या. तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

प्रश्न : नवी गाडी आहे, वॉरंटीत. थोडं पाझरतंय. घरीच काही लावू का?

अजिबात नको. फोटो काढा, किलोमीटर लिहून ठेवा, तेलाची पातळी बघा आणि लेखी तक्रार द्या. तुम्ही काही लावलंत, तर पुढे मूळ दोष कोणता आणि तुमची भर कोणती हे ठरवताच येणार नाही. पुरावा आहे तसा राहू द्या.

प्रश्न : माझा नातू रोज रात्री तळोज्याहून येतो. मला गाडीतलं काही कळत नाही. मी काय बघू?

आजी, तुमचा प्रश्न सगळ्यांत चांगला. गाडी रात्री जिथे उभी राहते, तिथे इंजिनाखाली एक जुना पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी बघा. कोरडा असेल तर ठीक. एकच थेंब रोज पडत असेल तर नातवाला रविवारी गॅरेजला पाठवा. डाग बशीएवढा झाला, तर त्या दिवशी किल्ली देऊ नका, बसने जा म्हणावं. तो ऐकला नाही तर पुठ्ठा त्याच्या हातात द्या. डोंगरावर धूर दिसल्यावर अग्नी शोधायला जायचंच असतं.